तिन्हीसांजेचा पाळक

अंबादास ओहोळने उभ्या जन्मात कधी चारचौघांत प्रार्थना केली नव्हती. भांडुपच्या मराठी चर्चमध्ये दर रविवारी जायचा, पण बसायचा सगळ्यात मागच्या बाकावर, दाराशी. उपदेश लांबला की हळूच उठून कोपऱ्यावर चहा पिऊन यायचा. घरी कॉटेज मीटिंग, म्हणजे मंडळीची प्रार्थनासभा, असली आणि पाळकसाहेब म्हणाले, "ओहोळबंधू, तुम्ही प्रार्थनेत चालवा," की हा गळ्याला हात लावून घसा बसल्याची खूण करायचा. मग नलिनी चालवायची. त्या घरातलं देवाचं सगळं नलिनीच बघायची.

नलिनी म्हणजे त्याची बायको. महानगरपालिकेच्या बालवाडीत शिक्षिका होती आणि सव्वीस वर्षं चर्चचा संडे स्कूल तिनेच चालवला. आज मंडळीत जे चाळिशीचे बाप्ये ऐटीत कोट घालून बसतात, त्यातल्या निम्म्यांची नाकं तिने पुसली होती. अंबादास टर्नर. शेवगावकडच्या एका खेड्यातून वयाच्या एकविसाव्या वर्षी मुंबईला आला आणि मुलुंडच्या एका कारखान्यात लेथवर उभा राहिला. घराणं आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. आई सुंदराबाई मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करायची आणि अक्षर येत नसताना अर्धं पवित्र शास्त्र तोंडपाठ म्हणायची. ती भक्ती नलिनीत उतरली, पोटच्या पोरात नाही, असं सुंदराबाई स्वतःच हसून सांगायची.

आता अंबादास एकोणसत्तर वर्षांचा आहे. मुलुंड पूर्वेला मिठागर रोडवरच्या एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर दोघं नवरा-बायको राहतात. मुलगा प्रीतम पुण्यात.

नलिनीचं विसरणं सुरू झालं ते एका नाताळात. करंज्यांच्या सारणात तिने साखरेच्या जागी मीठ घातलं. सगळे हसले, ती पण हसली. पुढच्या वर्षी भाजी आणायला गेली आणि दोन तासांनी शेजारची तेजल तिला हाताला धरून घेऊन आली. बाजाराच्या तोंडाशी उभी होती म्हणे, रस्ता कुठला ते कळेना. मग डॉक्टर, तपासण्या, मेंदूचे फोटो. डॉक्टरांनी नाव सांगितलं, स्मृतिभ्रंश, आणि म्हणाले, "काका, हे मागे फिरणारं दुखणं नाही. सांभाळायचं."

सांभाळायचं म्हणजे काय ते हळूहळू कळत गेलं. आंघोळ घालायची. कपडे बदलायचे, कधी दिवसातून तीनदा. गॅसचा कॉक बंद करून ठेवायचा. औषधाची गोळी केळ्यात दडवून द्यायची. तेजलकडून तो वेणी घालायला शिकला. लोखंडाचा केसाएवढा फरक ज्या हातांना कळायचा, त्या हातांना बायकोचा भांग सरळ पाडता येईना. पहिले कित्येक दिवस नलिनी वाकड्या भांगाने फिरत होती.

दिवसा ती बरी असायची. खिडकीत बसून कबुतरांशी बोलायची. खरी कसोटी तिन्हीसांजेला. साडेसहा वाजले, समोरच्या इमारतीत दिवे लागले, की तिचं चित्त थाऱ्यावर राहायचं नाही. पर्स काखेत मारून ती दाराशी जायची.

"मला घरी जायचंय."

"अगं, हेच घर आहे."

"हे नाही हो. पोर एकटं आहे माझं. सोडा मला."

तो कडी लावायचा, ती कडी ओढायची, दारावर थापा मारायची. तासभर, दीड तास. मग दमून रडायची. रोज. एक दिवस खाडा नाही. खालच्या मजल्यावरच्या लोकांनी आधी विचारपूस केली, मग विचारणं सोडलं.

असं तीन वर्षं चाललं. अंबादासच्या अंगात एक थकवा मुरला. झोपून उतरणारा तो थकवा नव्हता. सकाळी उठल्याबरोबर तो तयारच असायचा, उशाशी बसल्यासारखा. चर्चला जाणं सुटलं. नलिनीला नेता येईना आणि एकटी सोडता येईना. खरं सांगायचं तर त्याला सुटलेलं बरंच वाटलं. लोक भेटले की म्हणायचे, "देव परीक्षा बघतो ओहोळ, धीर धरा." हा मनात म्हणायचा, माझी बघतोय तर माझी बघ ना. तिची कशाला?

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. त्या संध्याकाळी दार उघडं राहिलं. दूधवाल्याला भांडं द्यायला तो वळला तेवढ्यात ती जिन्यात पोचली, अनवाणी. दोन पायऱ्या उतरली आणि तोल गेला. अंबादासने झेप घेऊन तिचं मनगट धरलं. पडू नये म्हणून धरलं, हे खरं. पण वर ओढून आणल्यावरही त्याने सोडलं नाही, हेही खरं. "किती छळशील? किती?" असं ओरडत तो तिला गदागदा हलवत राहिला. तिने डोळे मिटून घेतले तेव्हा कुठे तो भानावर आला.

सकाळी आंघोळ घालताना मनगटावर चार बोटं उठलेली दिसली. निळी. नलिनी स्वतःच्या हाताकडे कुतूहलाने बघत होती.

"कोणी केलं हो हे?" तिने विचारलं.

अंबादासच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"आमच्या ह्यांना सांगू नका हं," ती हळूच म्हणाली. "त्यांना वाईट वाटेल."

त्या दिवशी त्याने स्वतःहून प्रीतमला फोन लावला. प्रीतम कधीचा सांगत होता की नेरळजवळ अशा माणसांसाठी एक संस्था आहे, चांगली आहे, तो बघून आलाय. "पप्पा, मी काय मम्मीला टाकून द्या म्हणतोय का?" तो म्हणायचा. "तुम्ही आडवे झालात तर दोघांचं कोण बघणार, सांगा ना मला." पोरगा चुकत नव्हता. फॉर्म आला. अंबादासने एका बैठकीत सगळा भरला. फक्त सहीची जागा उरली. तिथे पेन टेकवलं आणि त्याला ती चार बोटं दिसायला लागली. आपण तिला तिच्या भल्यासाठी पाठवतोय की आपण केलेलं डोळ्यांआड व्हावं म्हणून, हे त्याचं त्यालाच उलगडेना.

गुरुवारी दुपारी तेजलला बसवून तो चर्चला गेला. नवे पाळक होते सौरभ लोंढे, जेमतेम चौतिशीचे. अंबादासने खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, "पाळकसाहेब, मी बायकोवर हात टाकला. आजारी बायकोवर."

लोंढ्यांनी शास्त्र उघडलं नाही, वचन सांगितलं नाही. पंखा घरघरत होता. त्यांनी विचारलं, "काका, केस कधी कापलेत शेवटचे?"

अंबादासने डोक्याला हात लावला. आठवेना.

"उद्या सहा वाजता मी येतो. मी बसेन काकूंजवळ. तुम्ही केस कापून या."

आणि शुक्रवारी सहा वाजता खरंच आले, घामाघूम होऊन. अंबादास अकरा महिन्यांनी संध्याकाळचा घराबाहेर पडला. केस कापले. न्हाव्याने मान चोळून दिली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने साबणावर ढकललं. मग मैदानाच्या कठड्यावर बसला. पोरं क्रिकेट खेळत होती. त्याला आपल्या रिकाम्या हातांचं काय करावं कळेना. एक मांडीवर ठेवला, दुसरा खिशात घातला, परत काढला.

सात वाजता धावतपळत घरी आला. जिन्यातच कान टवकारले. थापा ऐकू येत नव्हत्या. दार लोटलं तर नलिनी खुर्चीत बसलेली, डोक्यावर पदर, हात जोडलेले. समोर स्टुलावर लोंढे प्रार्थना करत होते आणि ती बरोबर जागच्या जागी "होय प्रभू" म्हणत होती. चार वर्षांपूर्वी म्हणायची तशी.

"मी काही विशेष केलं नाही," निघताना लोंढे म्हणाले. "त्या म्हणाल्या प्रार्थना करा, मी केली. दर शुक्रवारी येईन."

पण शनिवार काही शुक्रवारची वाट बघत थांबत नाही. दुसऱ्या दिवशी साडेसहाला नलिनी पुन्हा पर्स घेऊन उठली. अंबादासच्या अंगावर आमटी सांडली होती म्हणून तो आतल्या खोलीत सदरा बदलत होता. हाताला लागला तो पांढरा, पूर्ण बाह्यांचा, नाताळातला. घाईत गळ्यापर्यंत गुंड्या लावून तो बाहेर आला. नलिनी थबकली. चेहरा उजळला. तिने पदर डोक्यावर ओढला आणि वाकून म्हणाली,

"सलाम पाळकसाहेब. बरं झालं आलात."

"अगं नले, मी..."

"आमचे हे अजून आले नाहीत. दिवेलागण झाली. जरा त्यांच्यासाठी प्रार्थना करता का?"

आणि उत्तराची वाट न बघता तिने हात जोडून डोळे मिटले.

अंबादास खोलीच्या मधोमध उभा. घसा बसल्याची खूण कोणाला करणार? समोरची बाई डोळे मिटून थांबली होती आणि बाहेर अंधारून येत होतं. काही म्हटलं नाही तर पुन्हा दार, पुन्हा कडी, पुन्हा मनगट. त्याने डोळे मिटले.

"देवबापा," तो म्हणाला. पुढचं सुचेना. सुंदराबाई काय म्हणायची, नलिनी काय म्हणायची, काही आठवेना. "देवबापा... हा अंबादास. अजून घरी आला नाही. त्याला... त्याला नीट घरी आण. आमेन."

"आमेन," नलिनी म्हणाली. खुर्चीत बसली. पर्स मांडीवरून खाली ठेवली. त्या संध्याकाळी तिने अर्धी भाकरी दुधात कुस्करलेली खाल्ली आणि मुकाट झोपली.

अंबादासला मात्र चैन पडेना. रविवारी त्याने लोंढ्यांना फोन केला. "पाळकसाहेब, मी तुमचं सोंग घेतलं. हे पाप तर नाही ना?"

"प्रार्थना खोटी केलीत का?"

अंबादासने विचार केला. "नाही. खोटी नाही म्हणता येणार."

"मग रोज करा. मी आपला शुक्रवारचा."

तसं सुरू झालं. रोज सहा वाजता अंबादास पांढरा सदरा घालायचा. दोनच होते, एक वाळत, एक अंगावर. नलिनी सलाम करायची, खुर्ची द्यायची, आणि मग बोलायची. आधी नुसतं "हे आले नाहीत" एवढंच. हळूहळू जास्त. आणि अंबादासच्या लक्षात आलं की संध्याकाळी तिचं घड्याळ तीस वर्षं मागे जातं. तेव्हा एका संपानंतर कारखान्याला टाळं लागलं होतं आणि तो आठ वर्षं दारूत बुडाला होता. त्या वर्षांबद्दल नवरा-बायकोत नंतर एक शब्द झाला नव्हता. नव्व्याण्णव साली दारू सुटली, दुसऱ्या एका वर्कशॉपात काम लागलं, आणि ती वर्षं दोघांनी न बोलता जणू विहिरीत ढकलून दिली. आता रोज संध्याकाळी नलिनी एक एक बादली वर काढत होती.

"पोराला सांगते पप्पांना ओव्हरटाइम आहे. पण ते शहाणं झालंय, पाळकसाहेब. काल म्हणालं, मम्मी, कारखाना तर बंद आहे."

"हं," अंबादास म्हणायचा.

"मारत नाहीत हो कधी. शिवी नाही. नुसते भिंतीकडे तोंड करून बसतात. त्यापेक्षा ओरडले तर बरं."

कधी कधी त्याला वाटायचं, पुरे आता. उठावं आणि सांगावं, बाई गं, तो मीच, आणि आता मला हे ऐकवत नाही. दिवसभर तिला उचलायचं, पुसायचं, भरवायचं आणि संध्याकाळी तिच्याच तोंडून आपली करणी ऐकायची. पण ऐकून झालं की ती डोळे मिटायची आणि त्याला प्रार्थना करावीच लागायची. शब्द कमी पडायला लागले तसे तो जे खरं असेल ते बोलायला लागला. एकदा तोंडून निघून गेलं, "देवा, मी फार दमलोय रे. आता झेपत नाही."

नलिनीने एक डोळा उघडला. "पाळकसाहेब, तुम्ही दमलात?"

"होय बाई."

"मंडळीचं ओझं असतं," ती समजुतीने म्हणाली आणि डोळा पुन्हा मिटला. "करा पुढे."

अंबादासला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

डिसेंबर लागला. सोसायटीत कोणाच्या तरी खिडकीत कागदी तारा लागला होता. त्या संध्याकाळी नलिनी जास्तच शांत होती. अंबादासला काय वाटलं कोण जाणे, त्याने आपण होऊन विचारलं, "बाई, आज तुमच्या मालकांची दारू सुटावी म्हणून मागू का?"

"ती सुटेल हो," नलिनी म्हणाली. "आज ना उद्या सुटेल. ते मी मागतच नाही."

"मग? इतकी वर्षं काय मागता?"

तिने दाराकडे बघितलं. मग पुढे वाकली आणि आवाज बारीक केला. "तुम्ही कोणाला बोलणार नाही ना? सासूबाई वारल्या तेव्हा मी आणि प्रीतम आदल्या दिवशी पुढे गेलो. हे सकाळच्या गाडीने यायचे होते. दुपारी चारला माती होती. सगळा गाव थांबला, पाचपर्यंत थांबला. मी वेशीवर उभी. हे आले दिवेलागणीला. म्हणाले, एस्टी चुकली." ती थांबली. "एस्टी नाही चुकली, पाळकसाहेब. नंतर सदरा धुवायला घेतला तर खिशात सकाळच्या गाडीचं आरक्षणाचं तिकीट होतं. तोंडाला वास येतच होता. स्टँडाजवळच कुठेतरी बसले असतील."

  अठ्ठावीस वर्षं. आईच्या मातीची ती गोष्ट त्याला एकट्याला माहीत आहे असं तो धरून चालला होता. भावांना, गावाला, पोराला, सगळ्यांना एस्टी चुकल्याचंच सांगितलं होतं.

"तुम्ही... विचारलं नाहीत त्यांना?"

"काय विचारायचं? तिकीट फाडून टाकलं. त्यांना ठाऊक आहे, देवाला ठाऊक आहे. तिसऱ्याने कशाला बोलायचं?" तिने पदर सारखा केला. "पण तेव्हापासून त्यांना वाटतं, देवाने आपल्याकडे पाठ केली. म्हणून मागच्या बाकावर बसतात, दाराशी. कोणी उठवायच्या आधी आपणच उठून जायचं म्हणून. तर त्यांच्या मनाला शांती मिळू दे. तेवढंच मागा तुम्ही. बाकीचं मी बघते."

आणि ती डोळे मिटून थांबली.

 खाली रिक्षा वळत होती, कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं. 

"करा ना," नलिनी डोळे मिटूनच म्हणाली.

"देवबापा," तो म्हणाला, "मी अंबादास. सुंदराबाईचा पोरगा." आता थांबणं हातात नव्हतं. "आईच्या मातीला मी गेलो नाही. गाडी समोर उभी होती, मी चढलो नाही. मला ते तोंड बघवणार नव्हतं म्हणून पीत बसलो. आई वाट बघत गेली असेल, आणि मी... मी सगळ्यांशी खोटं बोललो. ह्या बाईला उन्हात उभं केलं. हिच्या हातावर माझी बोटं उठली. देवा, मला माफ कर. मला आता बाहेर उभं राहवत नाही. मला आत घे."

नलिनीने ठणठणीत आवाजात "आमेन" म्हटलं. मग हात पुढे करून तिने त्याच्या हातावर दोनदा थोपटलं, संडे स्कूलमध्ये गाणं नीट म्हटलेल्या पोराला थोपटावं तसं. "छान झाली प्रार्थना. आता येतील ते."

तिला काही कळलं होतं का? अंबादासने नंतर या प्रश्नाशी बरीच झटापट केली आणि सोडून दिला. बहुतेक नसावं कळलं. दुसऱ्या दिवशी तिने तीच गोष्ट पहिल्यापासून सांगितली.

उजेड पडला, वाणी ऐकू आली, असं काही झालं नाही. त्याने उठून भांडी घासली. गुडघे नेहमीसारखे दुखत होते. चादर भिजली होती, ती बदलली. पण लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, लोखंडाचा एखादा जॉब करकचून आवळलेला असतो आणि चावी फिरवली की तो एकदम सैल होऊन हातात येतो, तसं काहीतरी छातीत झालं होतं. तो सारखा तिथे हात लावून बघत होता. देव आपल्याकडे पाठ करून उभा नव्हता. आपणच दाराशी बसलो होतो आणि घरातलं एक माणूस रोज दिवेलागणीला आपलं नाव त्याच्या कानावर घालत होतं. ज्या दिवसांत त्याने देवाचं नाव घेतलं नाही, त्या दिवसांतही. हे कळल्यावर थकवा गेला नाही, पण त्या थकव्यातली भीती गेली. दमलेला माणूस दमलेला म्हणून बसू शकला.

रविवारी त्याने प्रीतमला फोनवर सगळं सांगितलं. 

"मी नऊ वर्षांचा होतो पप्पा," प्रीतम म्हणाला. "मला आठवतं तुम्ही आलात ते. कोणाशी न बोलता आजीच्या मातीपाशी जाऊन बसलात. चपला हातात होत्या तुमच्या." मग म्हणाला, "त्या फॉर्मचं काय करायचं?"

फॉर्म अंबादासने फाडला नाही. तसला बाणेदारपणा दाखवायचं वय नाही आणि जिवात तेवढा जोरही नाही. दोघांनी असं ठरवलं की सकाळी चार तास एक बाई ठेवायची, आणि कंबर अगदीच धरली तर मग नेरळचं बघायचं. तेजलने तिच्या ओळखीतली बाई आणून दिली. अंबादास आता दुपारी अर्धा तास आडवा होतो. मनगट धरायची वेळ पुन्हा आली नाही. आवाज मात्र चढतो अधूनमधून. मग तो गॅलरीत जाऊन उभा राहतो आणि थोड्या वेळाने आत येऊन नलिनीची माफी मागतो. ती उदारपणे म्हणते, "असू दे हो."

म्हणायची, असं म्हटलं पाहिजे. कारण फेब्रुवारीनंतर तिचे शब्द ओसरायला लागले. आधी प्रीतम गेला तिच्या बोलण्यातून, मग वेस, मग तिकीट. एका संध्याकाळी अंबादास पांढरा सदरा घालून समोर बसला आणि तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. सलाम केला नाही. नवऱ्याची चौकशी केली नाही. इतकी वर्षं वाट बघणारी बाई वाट बघायची थांबली होती. दारावरच्या थापा गेल्या म्हणून हायसं वाटायला हवं होतं. अंबादासला पोरकं वाटलं. आता आपल्यासाठी मागणारं कोणी उरलं नाही, असं वाटलं. तो तसाच बसून राहिला. मग सवयीने डोळे मिटले आणि नलिनीसाठी मागायला सुरुवात केली.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात लोंढ्यांनी त्याच्या घरी कॉटेज मीटिंग ठेवली. पंधरा-सोळा माणसं, खुर्च्या तेजलकडून आणलेल्या. नलिनी पलंगावर, उशांना टेकून. गाणी झाली, वचन झालं, आणि लोंढे म्हणाले, "काका, तुम्ही प्रार्थनेत चालवा." मंडळीतल्या जुन्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं. अंबादास उभा राहिला. अडखळत बोलला, मध्ये एकदा पूर्ण थांबला. जी माणसं घरातल्या आजाऱ्याला सांभाळतात त्यांचे हात मऊ ठेव, असं काहीसं म्हणाला. आजाऱ्याला धीर दे म्हणायचं राहूनच गेलं. चहाच्या वेळी एक बाई स्वयंपाकघराच्या दाराशी आली. तिची सासू अंथरुणाला खिळून होती. "ओहोळकाका," ती म्हणाली, "माझे पण हात कडक झालेत."  अंबादासने तिला बसायला स्टूल दिलं आणि चहा दिला.  तो जवळ उभा राहिला.

जूनमध्ये प्रीतम चार दिवस राहायला आला. नलिनी आता दिवसातला बराच वेळ झोपूनच असते. डोळे उघडे असतात, बघते कुठे ते सांगता येत नाही. संध्याकाळी बाप सदरा बदलून पलंगाशी बसला, आणि जोराने नाही, पुटपुटतही नाही, साध्या बोलायच्या आवाजात प्रार्थना करायला लागला. नलिनीचं नाव घेतलं, प्रीतमचं, सुनेचं, तेजलचं, सकाळच्या बाईचं, त्या चर्चमधल्या बाईचं आणि तिच्या सासूचं. प्रीतम दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. बापाच्या तोंडून असलं काही त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"पप्पा, मम्मीला कळतं का काही?" नंतर त्याने विचारलं.

"नाही वाटत," अंबादास म्हणाला. त्याने पावडरचा डबा उघडला, नलिनीच्या खांद्याखाली एक हात सारला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. "तू असा उभा नको राहू रे. जरा त्या बाजूने धर. हळू. कंबरेखाली हात घाल, हां, तिथे."

प्रीतमने हात घातला. दोघांनी मिळून तिला भिंतीकडून खिडकीकडे वळवलं.